लॅपटॉपवर कधीही ब्लू स्क्रीन, दर वेळी वेगळा कोड: मदत हवी आहे

विंडोज ११, वॉरंटी संपलेला लॅपटॉप. मूळ ८ जीबी डीडीआर४ २६६६ रॅम होती, मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबी ३२०० ची स्टिक नवीन टाकली. त्यानंतर ब्राउझर चालू असताना, कधी नुसताच पडून असताना मशीन निळं होऊन रीस्टार्ट होतं. कोड आतापर्यंत तीन: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल आणि पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त ‘कर्नल पॉवर ४१’ दिसतं. विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकला काही सापडलं नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

प्रतिसाद

फॉरमॅट आत्ता नको. ‘कर्नल पॉवर ४१’ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढीच नोंद. कारण त्यात नसतं. ड्रायव्हर (एखादं हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) बिघडला असेल तर बहुधा तोच कोड आणि तीच फाइल परत परत येते. तुमच्याकडे कोड बदलतायत आणि सगळे मेमरीशी निगडित आहेत, म्हणून पहिला संशय रॅमवर. २६६६ आणि ३२०० एकत्र चालतात, दोन्ही कमी वेगावर येतात; त्यामुळे नुसत्या वेगातल्या फरकाला दोष देऊ नका.

आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं तर ती मागितली जाऊ शकते. मग रिकाम्या पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घ्या (ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो), त्यावरून बूट करा आणि चारही पास, म्हणजे तपासणीच्या फेऱ्या, रात्रभर चालू द्या. विंडोजची चाचणी वरवरची आहे, ती पास झाली म्हणून रॅम चांगली ठरत नाही. इथे एकसुद्धा एरर चालणार नाही.

एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच रॅमला हात लावा. स्टिक तिरकी आत सरकवून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क करून बसायला हव्यात. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासू नका, त्याचे कण स्लॉटमध्ये अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड पुरे.

दुसरा प्रतिसाद

वरच्याला जोड. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात ‘मिनिडम्प’ बघा, त्यात क्रॅशच्या नोंदी असतात. त्या फायली डेस्कटॉपवर कॉपी करून विनडीबीजीमध्ये (मायक्रोसॉफ्टचं क्रॅश तपासायचं साधन) उघडा आणि ‘अ‍ॅनालाइझ’ची लिंक दाबा. ‘एनटीओएसकर्नल’चं नाव आलं तर ते विंडोजचं गाभ्याचं अंग आहे, गुन्हेगार नव्हे. दर वेळी वायफायचा किंवा ग्राफिक्सचाच ड्रायव्हर दिसला, तरच तिकडे वळा. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरना ताण देऊन तपासणारं विंडोजचं साधन) मात्र आत्ता चालू करू नका, त्याने मशीन बूट होता होताच परत परत पडू शकतं.

धागाकर्ता

नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये एरर देते. जुनी दोन्हीकडे स्वच्छ.

प्रतिसाद

म्हणजे स्लॉट आणि बोर्ड ठीक, स्टिक खराब. एररच्या स्क्रीनचा फोटो काढून ती वॉरंटीत बदलून घ्या. बदली आलेलीवरही मेमटेस्ट चालवल्याशिवाय ती वापरू नका.

तोपर्यंत जुन्या ८ जीबीवर चालवा आणि विंडोज दुरुस्त करून घ्या. खराब रॅममधून गेलेला डेटा चुकीचाच डिस्कवर लिहिला गेलेला असू शकतो, म्हणून रॅम काढल्यावरही एखादा क्रॅश येतो आणि लोक भलतीकडे शोधत बसतात. अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये आधी चेकडिस्क (डिस्कची तपासणी), मग डीआयएसएमचं ‘रिस्टोअरहेल्थ’ (विंडोजच्या मूळ साठ्याची दुरुस्ती), शेवटी एसएफसीचं ‘स्कॅननाऊ’ (विंडोजच्या फायलींची तपासणी), याच क्रमाने. कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं, तो डीआयएसएम दुरुस्त करतं. आणि नवी स्टिक लावल्यानंतर कॉपी केलेले फोटो, झिप, टॅलीचे बॅकअप एकदा उघडून बघा. फाइलचा आकार बरोबर दिसतो, आतला डेटा बिघडलेला असू शकतो.