सल्ला हवा: १३बी रोटरीला मोठ्या टर्बोसाठी जादा डॉवेल मारून घेऊ का?

मिऱ्याकर:
नमस्कार मंडळी. आतेभावाने कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून माझदा आरएक्स-७ चं इंजिन आणलं होतं, १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते रोटरी. चार पावसाळे आमच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होतं, आता माझ्या गळ्यात आलंय. ऑटोक्रॉससाठी पाइपची बग्गी बांधतोय, रस्त्यावर न्यायची नाही. मूळचे दोन छोटे टर्बो काढून एकच मोठा लावायचा, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) १.२ बार, ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास. बजेट म्हणजे यंदाचे आंब्याचे पैसे, त्यामुळे हात आखडताच आहे. यादी अशी: जादा डॉवेल (इंजिनाचे भाग जागेवर धरणाऱ्या पिना), १८ लांब बोल्टांच्या जागी स्टड, २ मिमीऐवजी ३ मिमीचे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या). की सिरॅमिकच घेऊ? १९९१ ला ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बीत होते म्हणे.

घाटावरचा_पिस्टन:
होंडाचं के-सिरीज टाक, सुखी होशील.

शिरोली_बोरिंग:
डॉवेल मारायचं काम मी करतो, तरी सांगतो, ४०० ला घाई नको. डॉवेल कशासाठी ते समजून घे. दोन रोटर हाउसिंग आणि तीन लोखंडी प्लेटी, अशी पाच ताटांची चळत असते. लांब बोल्ट ती आवळून धरतात. पण डेटोनेशनचा, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटण्याचा, दणका बसला की चळत आडवी सरकू, पिळू पाहते, आणि तिला आडवं धरायला कंपनीचे डॉवेल दोनच. मग मागच्या प्लेटीला वरच्या डॉवेलजवळ तडा जातो, नाहीतर पाण्याची ओ-रिंग हलून कूलंट आत येतं. जादा डॉवेल आणि जाड स्टड हे पिळणं रोखतात. ५०० च्या पुढे जायचं असेल तर मीच करायला सांगेन. पण पाचही भाग एकत्र आवळून, एकाच सेटिंगमध्ये रीम करायला (भोकं अचूक मापाची करायला) हवेत. भोक जरासं तिरकं गेलं तर बेअरिंगची सरळ रेषा जाते आणि बळकट करायला घेतलेलं इंजिन आणखी लवकर मरतं. हँड ड्रिलने मारलेलं एक बघितलंय. नको ते.

कुडाळचो_मेस्त्री:
झिला, आधी इंजिन खोललंस काय? यादी मगे कर. चार पावसाळे पडवीत म्हणजे आत काय झाला असतला देव जाणे.

(पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो.) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढ, पोर्टातून टॉर्च मार आणि पुलीने इंजिन हळूहळू फिरव. प्रत्येक एपेक्स सील समोर आला की लाकडी काडीने दाबून बघ. उसळून वर आला तर जिवंत. सिरॅमिकचं विसर. ७८७बीचं इंजिन चार रोटरचं, बिनटर्बोचं. आणि ३ मिमीसाठी रोटरची खाच रुंद करावी लागते, म्हणजे तिच्या भिंती पातळ होणार. चांगला २ मिमी सील घे. शक्यतो असा, की जो ठोका बसला तर वाकेल पण तुकडे होणार नाही. फार कडक सील हाउसिंगचं क्रोम खातो, आणि क्रोम गेलं की हाउसिंग गेलं.

मिऱ्याकर:
रविवारी खोललं. काका, तुम्ही म्हणालात तसंच. मागच्या रोटरचा एक सील तुटलाय, कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा गायब. त्याने क्रोमवर ओरखडा काढलाय, नख फिरवलं की अडकतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये पाण्याच्या वाटेला पांढरी भुकटी. मागच्या प्लेटीवर ओ-रिंगच्या खाचेची पातळ भिंत तर बोट लावताच खारी बिस्किटासारखी चुरली.

कुडाळचो_मेस्त्री:
म्हणजे कोणीतरी कूलंटऐवजी नुसतं पाणी ओतून चालवलंय. तू तरी विहिरीचं ओतू नकोस, मिऱ्याच्या विहिरीत खार आहेच. डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कूलंट. आणि सील तुटलाय तो डेटोनेशननेच. डॉवेल असते तरी तो तुटलाच असता. म्हणून आंब्याचे पैसे आधी इथे घाल: मोठा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि पंप, स्वतंत्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर), गार रेंजचे प्लग. बूस्टवर ठिणगीचं टायमिंग मागे, लीडिंग (आधी पेटणारा) आणि ट्रेलिंग (नंतर पेटणारा) प्लगांत १० ते १५ अंशांचा फरक. मे महिन्यातल्या रत्नागिरीच्या हवेत ट्यून कर, डिसेंबरच्या पहाटे नव्हे. आणि मूळ गाडीला बूस्ट जेमतेम ०.७ बार होता हे विसरू नको. पहिल्या हंगामात ०.८ वर थांब.

मिरकरवाडा_ओबीएम:
मी होड्यांची आउटबोर्ड इंजिनं करतो, रोटरी उघडलेली नाही. पण टू-स्ट्रोक तेलावर बोलू शकतो. ऑइल मीटरिंग पंप (सीलांना तेल पुरवणारा) काढणार असशील तर पेट्रोलात तेल मिसळावंच लागेल, लिटरला ८ ते १० मिली. स्कूटरचं स्वस्त तेल नको. जेटीवर मिळतं ते आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ घे, त्यात राख होत नाही. डबी आधी हलव.

मिऱ्याकर:
पेट्रोलचं काय? पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल).

कुडाळचो_मेस्त्री:
ई२० म्हणजे मिश्रण श्रीमंत (जास्त इंधनाचं) ठेवायला इंजेक्टरवर जास्त भार. ट्यून लॅम्डावरच (हवा-इंधनाच्या प्रमाणाच्या आकड्यावर) करायचं, आणि इंधनाचे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे हवेत. १०० ऑक्टेनचं मोठ्या शहरांत काही पंपांवर मिळतं, पण दर वेळी कोण पुण्याला जातंय? त्यापेक्षा पाणी-मिथेनॉलचा फवारा बसव. फक्त टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप खाली येईल असा सेन्सर लाव. हे विसरलेल्या माणसाचा रोटर माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

शिरोली_बोरिंग:
मागची प्लेट भंगारात. तिला वेल्डिंग वगैरे करत बसू नको, जुनी पण धड शोध. हाउसिंगही एक नवं लागेल. पुढची आणि मधली प्लेट पाठव, सपाटी आणि सीलने पाडलेली पायरी मोजून देतो. तिथे कोणाकडून ग्राइंड करून घेऊ नको. वरचा थर नायट्राइड केलेला असतो, तो उडाला की खालचं मऊ लोखंड भराभर झिजतं. पाठवताना ग्रीस फासून प्लास्टिकात गुंडाळ. तुमच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत लाल होतं.

मिऱ्याकर:
डॉवेल, स्टड यादीतून बाद. मंगळवारी शेजारच्यांचा आंब्याचा टेम्पो अंबा घाटातून कोल्हापूरला जातोय, त्यात प्लेटी देतो. पेंढ्यात गुंडाळल्यात.

शिरोली_बोरिंग:
प्लेटी खाली ठेवायला सांग. पेट्या वर.