पेराएवढे समुद्रघोडे "सोपे" म्हणणाऱ्यांनी आधी महिनाभर आर्टेमिया उबवून दाखवावा

खारटगोडी (टँपा)
कालच्या पोस्टखालीच लिहिणार होते पण लांबलं म्हणून वेगळा धागा. "वीस लिटरची टाकी घ्या, स्पंज फिल्टर टाका, चार ड्वार्फ (बुटके) समुद्रघोडे सोडा, फुलदाणीसारखे टेबलावर ठेवा, मेंटेनन्स शून्य" असं लिहिणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आणि खाली सगळे "वॉव, मुलीच्या वाढदिवसाला आणतो"!

मी दोन वर्षं पाळतेय आणि हे इथलेच, मेक्सिकोच्या आखातातल्या समुद्रगवतात राहणारे. जेमतेम अडीच सेंटिमीटर. टाकी सोपीच आहे हो, ते मान्य. हवेवर चालणारा स्पंज, शेपटी गुंडाळायला थोडं कॉलर्पा (समुद्री शेवाळ), घरातल्या 23-24 डिग्रीत हीटरपण लागत नाही. पण त्यांना पोट नसतं! म्हणजे खरंच जठर नाही, खाल्लेलं तसंच पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोनदा तरी जिवंत, ताजा उबवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) लागतो. माशांचं सुकं खाणं, फ्लेक्स टाका, बघणारही नाहीत. मग रोज संध्याकाळी बाटलीत मीठपाणी, अंडी, हवा, दिवा, दुसऱ्या दिवशी हवा बंद करून टरफलं वर आली की खालची पिल्लं नळीने ओढायची, गाळायची, धुवायची. दोन बाटल्या आलटून पालटून. माझ्या ओट्याला भाऊच्या धक्क्याचा वास येतो. हे शून्य मेंटेनन्स?

पाच_गॅलनवाला (डॅलस)
ताई, त्या पोस्टमध्ये चूक काय होतं? माझ्याकडे तिसरी पिढी आहे, पाच गॅलनच्याच टाकीत. उलट मोठी टाकी घेणारेच फसतात, कारण आर्टेमिया सगळ्या पाण्यात पांगतो आणि हे महाशय त्याच्यामागे पोहत जात नाहीत, तोंडासमोर आला तर खातात. छोट्या टाकीत तो समोरच राहतो. अर्धा तास रोज, बस्स. एवढा वेळ लोक फोनवर घालवतात. तुम्ही लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतूंसकटचा समुद्री दगड, टाकला होता ना?

खारटगोडी
टाकला होता. माहितीय पुढे काय म्हणणार ते.

पाच_गॅलनवाला
मग हायड्रॉइड, ते डंख मारणारे बारीक समुद्री जीव, येणारच. त्या दगडातूनच येतात, आर्टेमियावर पोसतात आणि काचेवर पसरतात. स्वतःची चूक टाकीवर ढकलू नका.

खारटगोडी
नराने (यांच्यात पिल्लं नरच देतो) सकाळी अकरा पिल्लं दिली, संध्याकाळी दोन उरली. काचेवर ते बारीक पांढरे झुबके होते आणि मी त्यांना शेवाळ समजत होते. शेवटी कुत्र्याच्या जंताचं फेनबेंडाझोल टाकलं, हायड्रॉइड मेले, औषध दगडात मुरलं आणि नंतर आणलेल्या गोगलगाईपण मेल्या. चूक माझीच, कबूल. पण "फुलदाणी" वाचून आणणाऱ्याला हे कोण सांगणार होतं? तुम्ही?

चिंचवडकर
पुण्यात कुठे मिळतील? रेट काय?

गजालीकार (मालवण)
चिंचवडकर, गप रवा. आपल्याकडे 2001 पासून समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये घातले. आणि परदेशी म्हणून सुटाल असंही नाही, हे सगळे 2004 पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत (साइट्स म्हणजे वेबसाइट नव्हे, धोक्यातल्या जीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर तसल्या परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद लागते. कोण पिशवीत घालून देतो म्हणाला तर दुसऱ्या रस्त्याने जावा. आमच्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेले येतात, ते हातात धरून फोटो काढायची चोरी, आणि तुमचे अमेरिकावाले टेबलावर सजवतायत.

पाच_गॅलनवाला
माझे टाकीतच जन्मलेले आहेत. समुद्रातून एकही आणलेला नाही.

गजालीकार
पयल्यांदा कोणीतरी समुद्रातूनच आणलेला ना?

खारटगोडी
गजालीकार, तो प्रश्न इथेही झालाय. 2011 मध्ये याच जातीला धोक्यातल्या यादीत घ्या म्हणून अर्ज झाला होता, 2020 मध्ये गरज नाही म्हणून नाकारला. मला तो निर्णय पटला असं नाही. समुद्रगवतच गेलं तर हे शेपटी कशाला गुंडाळणार?

मावशी_न्यूजर्सी
सगळं ठीक, पण एक सांगा, इंडियाला जाता तेव्हा यांना खायला कोण घालतं? आमच्या वरच्या मजल्यावरचे चार आठवड्यांसाठी किल्ली देऊन गेले, "मावशी फक्त मासे बघा". सोबत दोन पानी सूचना! मी संधिवाताची बाई, रोज दोनदा जिना चढून त्यांच्या बाटल्या हलवत होते. पाणी कमी झालं म्हणून फ्रिजवर ठेवलेलं मीठपाणी भरलं, त्यात काय चुकलं? तीन मेले. आता गणपतीत समोर आले तरी बघत नाहीत.

खारटगोडी
मावशी, वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहतं. वरून भरायचं ते साधं आरओचं. पण हे त्यांनी सांगायला हवं होतं, तुमचा दोष नाही.

मावशी_न्यूजर्सी
दोन पानांत ते एक वाक्य नव्हतं!

थंडीत_कढीपत्ता (शिकागो)
विषय निघालाच आहे तर. माझं नऊ वर्षांचं कढीपत्त्याचं झाड एका मित्राकडे ठेवून गेलो. परत आलो तर पेटिओवर काड्या. म्हणे "ऊन मिळावं म्हणून बाहेर ठेवलं". डिसेंबरात! शिकागोत!

मावशी_न्यूजर्सी
तुम्ही सांगितलं होतंत का आत ठेवा म्हणून?

थंडीत_कढीपत्ता
हे सांगायला लागतं?

मावशी_न्यूजर्सी
लागतं! फुकटात राबणाऱ्याने मनकवडंही व्हायचं का? एअरपोर्टला आम्ही सोडायचं, पत्रं आम्ही काढायची, झाडं आम्ही जगवायची, आणि परत आल्यावर हातावर काय, तर चितळेंच्या बाकरवडीचं एक पाकीट.

थंडीत_कढीपत्ता
आमचा मित्र तर दोन पाकिटं घेऊन बसलाय.

पाच_गॅलनवाला
धागा समुद्रघोड्यांचा आहे.

मावशी_न्यूजर्सी
मग तुम्हीच सांगा, तुमच्या तीन पिढ्यांना तुम्ही भारतात गेल्यावर कोण जेवू घालतं?

पाच_गॅलनवाला
आम्ही दोघं एकदम जात नाही. मी गेलो की बायको बघते.

खारटगोडी
आणि एरवी?

पाच_गॅलनवाला
सकाळचं तीच बघते. मला सातला निघावं लागतं.

खारटगोडी
आणि टरफलं वेगळी करणं?

पाच_गॅलनवाला
मी ब्लीचने आधीच विरघळवून ठेवतो अंड्यांची टरफलं. महिन्यातून एकदा. ते मी करतो.

खारटगोडी
वहिनींना नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी खरंच सोपी टाकी दिसतेय, तुमच्यासाठी म्हणजे.

पाच_गॅलनवाला
ठीक आहे, "शून्य" चूक. "कमी" म्हणा.

चिंचवडकर
मग गप्पी आणू का?

गजालीकार
आण रे बाबा.

खारटगोडी
जाता जाता, आम्ही 19 डिसेंबरला निघतोय, साडेतीन आठवडे. टँपात कोणी आहे का? सूचना चार पानी आहेत, आरओच्या पाण्याचं पहिल्याच ओळीत लिहिलंय.