ग्रेड ४ च्या गुडघ्यात पीआरपी टोचणाऱ्यांना विचारायचंय

सांगलीची_लेक
परवा कोथरूडकर यांनी लिहिलं, "आईला पीआरपीची तीन इंजेक्शनं दिली, कूर्चा परत वाढली, ऑपरेशन टळलं. ज्यांचे आईवडील गुडघ्यांनी हैराण आहेत त्यांनी वेळ घालवू नका." खाली माणसं क्लिनिकचा पत्ता मागत सुटली आहेत, म्हणून लिहिते. पीआरपी म्हणजे स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग सांध्यात टोचणं. कूर्चा म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी. लांबेल.

माझी आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे ग्रेड ४, म्हणजे झिजेची शेवटची पायरी. एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं मलाही दिसत होतं, आणि मी बँकेत नोकरी करते. तरी आम्हाला सांगितलं गेलं, "स्वतःचंच रक्त आहे, अपाय नाही, गादी भरून येईल." दोन्ही गुडघ्यांना तीन-तीन इंजेक्शनं, ७२ हजारांचं पॅकेज, पैसे आगाऊ. शिवाय आधी आणि नंतर दुखण्याच्या गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेटच्या कामात आड येतात. त्या दिवसांत आई रात्र-रात्र पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली असायची.

दंडातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं. नळी बाहेर आली तेव्हा तळाला गडद लाल आणि वर ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी. ते सिरिंजमध्ये ओढताना पाहून आईने हात जोडले. पाच महिन्यांनी वाट्या बदलाव्या लागल्याच. आता ती जिना चढते. पैसे गेले ते गेले, पण ते पाच महिने कोण भरून देणार?

ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, कोणाला काय मिळालं ते कोणालाच माहीत नाही. वर्षानंतर दहापैकी दुखणं पीआरपीवाल्यांचं २.१ ने कमी, मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. कूर्चा दोन्हीकडे सारखीच झिजली. वाढली कोणाची?

कोथरूडकर
तुमच्या आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. पण म्हणून माझी आई खोटी ठरत नाही. दिवाळीत ती बाथरूमपर्यंत भिंत धरून जायची. फेब्रुवारीत पर्वती चढली, मी तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून होतो. मिठाच्या पाण्याने कोणी पर्वती चढत नाही.

आणि अभ्यासच काढायचे तर चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाचाही काढा. २०१३ चा, ७८ रुग्ण, दोन्ही गुडघे. सहा महिन्यांनी पीआरपीवाले सलाइनवाल्यांपेक्षा स्पष्ट बरे होते. आपल्या देशातला, आपल्यासारख्या गुडघ्यांवरचा. तो दिसला नाही का?

सांगलीची_लेक
दिसला. बहुतेक गुडघे सुरुवातीच्या झिजेचे होते आणि तपासणी सहा महिन्यांपर्यंतची. त्यांनी आराम पडला म्हटलंय. कूर्चा वाढली असं कुठे आहे? एमआरआय केलात का आईंचा, आधी आणि नंतर?

कोथरूडकर
नाही केला. आठ-दहा हजार कशाला घालू? ती चालते ते मला दिसतंय.

ऑर्थो_निवासी
सरकारी रुग्णालयात एम.एस. करतोय, राहवत नाही म्हणून लिहितो. त्या ऑस्ट्रेलियन चाचणीतलं पीआरपी पातळ होतं, प्लेटलेट साध्या रक्तापेक्षा थोड्याच जास्त. ही टीका पीआरपी देणाऱ्या तज्ज्ञांनीच केली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. पण मग उलट प्रश्न येतो. तुमच्या क्लिनिकने टोचण्याआधी प्लेटलेट मोजल्या का? बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. कोणाचं किट वेगळं, कोणी एकदा फिरवतं, कोणी दोनदा, कोणाच्यात पांढऱ्या पेशी राहतात, कोणाच्यात नाही. नाव मात्र सगळ्यांचं एकच.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी पीआरपी देऊ नका असं ठाम सांगितलं. तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं, उपयोग होऊ शकतो, पुरावा मर्यादित. पुस्तकांतच एकमत नाही. ग्रेड ४ मध्ये मात्र मी माझ्या आईला देणार नाही.

आणि दोष सगळा डॉक्टरांवर टाकू नका. रोज दोन-तीन जण मोबाइल पुढे करून "हे इंजेक्शन द्या" म्हणतात. नाही म्हटलं की पुढच्या गल्लीत जातात. वाटी बदलायची म्हटलं की तोंड पांढरं पडतं. वास्तविक २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या भावाला कमाल मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोम धातूचा ५४,७२० रुपयांवर आला. पीआरपीचं पॅकेज मात्र जो सांगेल तो भाव.

सांगलीची_लेक
रुग्ण मागतो म्हणून द्यायचं? मी बँकेत असं कर्ज देत नाही.

दोन_चाकी
सगळे गुडघ्यावरच बसलेत. माझा टेनिस एल्बो. आठ महिने दुधाचं पातेलं उजव्या हाताने उचलता येत नव्हतं, दार उघडायला डावा हात. स्टिरॉइडने सहा आठवडे स्वर्ग, मग पहिल्यापेक्षा वाईट. पीआरपी एकदाच घेतलं. पहिले चार दिवस कोपर पेटल्यासारखं झालं, तीन महिन्यांनी सायकल सुरू. हॉलंडमध्ये १०० जणांवर हेच पाहिलं होतं, वर्षाने पीआरपीवाले स्टिरॉइडवाल्यांच्या पुढे होते.

ऑर्थो_निवासी
तुलना स्टिरॉइडशी होती. स्टिरॉइडने कोपर नंतर बिघडतंच, त्याच्या शेजारी कोणीही उजळ दिसेल. नकली इंजेक्शनाशी तुलना केलेले सगळे अभ्यास कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये एकत्र पाहिले, फरक जवळपास नाही. टाचेमागच्या जाड स्नायूबंधाच्या (अकिलिस) दुखण्याचं तेच, ब्रिटनमध्ये २४० जण, पीआरपी आणि नुसती सुई सारखीच. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो. तुम्ही आठव्या महिन्यात इंजेक्शन घेतलंत.

दोन_चाकी
म्हणजे माझं कोपर कॅलेंडरने बरं झालं? तुम्ही त्या आठ महिन्यांत माझ्या घरी येऊन पातेलं उचललं होतं का?

ऑर्थो_निवासी
नव्हतं. आठ महिने दुखणं काय असतं ते मला माहीत नाही, हे मान्य. बाकी म्हणणं तेच आहे.

फिजिओ_कोल्हापूर
पीआरपी घ्या नाहीतर नका घेऊ, मांडीचा पुढचा स्नायू वाळलेला असेल तर गुडघा दुखणारच. वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोने उतरतो. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबा, खुर्चीतून हात न टेकता उठा, रोज वीस मिनिटं, तीन महिने. पैसे लागत नाहीत म्हणून कोणी करत नाही.

कळवा_लोकल
वीस मिनिटं कोणाची हो दादा? माझी सासू पाच वाजता उठते. डबे, पाणी, नातवाची शाळा. उकिडवं बसून तीन खोल्यांची फरशी कापडाने पुसते, दांड्याच्या पोछ्याने "स्वच्छ होत नाही" असं सासऱ्यांचं मत. ते स्वतः खुर्चीत. तुम्ही तिला व्यायामाचा कागद दिलात, तो फ्रिजवर लावलाय. तिचा गुडघा सुजतो तो फरशीवर. तिला सुईसाठी घेऊन जायला घरचे तयार होतात, कारण सुईला एक दिवस लागतो आणि फरशी चालूच राहते.

जुनं_ते_सोनं
उकिडवं बसण्यामुळेच जुन्या बायका ठणठणीत होत्या. माझी आजी नव्वदीपर्यंत भाकरी चुलीपाशी बसून थापायची. कमोड आणि सोफा आल्यापासून गुडघे गेले.

कळवा_लोकल
तुमची आजी दुखतंय असं कोणाला म्हणाली असती? आणि ऐकलं कोणी असतं? माझी आजी पण "ठणठणीत" होती. रात्री एरंडेल चोळताना दात आवळून रडायची, ते फक्त मला माहीत, कारण मी तिच्या कुशीत झोपायचे.

ऑर्थो_निवासी
बीजिंगमधल्या साठीपुढच्या लोकांचा अभ्यास २००४ मध्ये आला. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसली. थोडा वेळ बसणं वेगळं. तीन खोल्या पुसणं वेगळं.

जुनं_ते_सोनं
चीनचं चीनमध्ये. पण तीन खोल्या कापडाने हे जास्त आहे, एवढं म्हणतो.

फिजिओ_कोल्हापूर
कळवाताई, तुमचं खरं आहे. मी कागद देतो तेव्हा घरात काम कोण करतं ते विचारत नाही. विचारायला हवं. सासूबाईंना ओट्याशी उभं राहूनच टाचा वर-खाली करायला सांगा, आणि पोछा आजच आणा.

कोथरूडकर
विषय भरकटला, पण आईचा जुना एक्स-रे कपाटातून काढला. खाली लिहिलंय ग्रेड २. सांगलीताई, तुमच्या आईंचा ४ होता हे मी तेव्हा विचारात घेतलं नाही. शिवाय दिवाळी ते फेब्रुवारी तिने ५ किलो वजनही उतरवलं, ते लिहायचं राहिलं. तरी मी पीआरपीला श्रेय देणारच. पोस्टमधून "कूर्चा वाढली" काढतो, "आराम पडला" ठेवतो. "वेळ घालवू नका" हेही काढतो.

सांगलीची_लेक
ठेवा. आणि वर ग्रेड लिहा, ठळक. पत्ता मागणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच विचारा. तुमच्याच्याने होत नसेल तर मी विचारते.

कळवा_लोकल
पोछा आणलाय. सासरे बोलत नाहीयेत. सासूने पहिली खोली उभ्याने पुसली.