हेलसिंकीतला उन्हाळा: मैदानं, समुद्र आणि लांबलेल्या संध्याकाळी – तुमचे अनुभव लिहा

इथला माझा हा सातवा उन्हाळा. पहिले दोन खिडक्यांचे पडदे ओढून लॅपटॉपसमोर गेले, त्याची हळहळ अजून वाटते. जूनमध्ये सूर्य अकराच्या सुमारास मावळतो, चारच्या आत पुन्हा वर येतो, आणि मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. इथल्या लोकांना नोव्हेंबरचा अंधार ठाऊक असतो, म्हणून ते जूनची एकही संध्याकाळ घरात काढत नाहीत. नवीन आलेल्यांसाठी हा धागा. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या नकोत, तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

माझं सांगते. ऑफिस सुटलं की मी उइमास्टेडिओनला जाते. 1952 च्या ऑलिंपिकचे पोहण्याचे सामने झाले तोच हा उघडा तलाव, उन्हाळ्यात सुरू असतो. पाणी कोमट ठेवतात. पोहून झालं की पायऱ्यांवर बसून मटारच्या शेंगा सोलून खायच्या. बाजारात त्या लिटरच्या मापाने मिळतात, आणि इतका गोड मटार मी दुसरीकडे खाल्लेला नाही.

*

आमच्या इमारतीच्या अंगणात मोल्की चालते. 1 ते 12 आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे उभे करायचे आणि लाकडी दांडकं फेकून पाडायचे. एकच पडला तर त्यावरचा आकडा मिळतो, जास्त पडले तर जितके पडले तितके गुण. बरोब्बर 50 व्हावे लागतात, एका गुणाने जरी ओलांडले तरी थेट 25 वर. शेजारचे आजोबा वर्षभर फक्त मान हलवायचे. त्या अंगणात त्यांनी मला दांडकं कसं धरायचं ते हात धरून शिकवलं. लगोरी खेळलेल्या माणसाला नेम पटकन जमतो. गेल्या उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आम्ही शेवटचा डाव मांडला, दिव्याची गरज पडली नाही.

*

मी क्रिकेटवाला. रविवारी लोकलने केरवाला, तिथे मैदान आहे. पण एकदा मित्राने पेसापालोचा सामना दाखवायला नेलं आणि मी त्यात अडकलो. बेसबॉलच्या कुळातला इथला राष्ट्रीय खेळ. यात चेंडू फलंदाजाच्या अंगावर येत नाही. टाकणारा त्याच्या शेजारीच उभा राहून सरळ वर उडवतो, आणि खाली येताना तो मारायचा. मारणं सोपं वाटतं, पण सगळं डोकं कुठे मारायचा आणि कोणी कधी पळायचं यात लागतं. संघाचा प्रशिक्षक रंगीत पंख्याने खुणा करतो, त्या बघत बसलो तरी वेळ कसा जातो कळत नाही.

*

मी लेकीकडे सोलापूरहून आले आहे. पहिल्या आठवड्यात फार गोंधळ झाला. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा, पण दिवेलागण होईच ना! शेवटी घड्याळात सात वाजले की लख्ख उन्हात निरांजन लावायचं ठरवलं. परवा लेक बोटीने सुओमेनलिन्ना बेटांवर घेऊन गेली. बोट पंधरा मिनिटांत पोचते. अठराव्या शतकातला किल्ला, आणि त्याच्या तटबंदीत उन्हाळ्यात नाटकं होतात. नाटक फिनिशमध्ये, मला एक अक्षर कळलं नाही. पण नटीने आवाज खाली आणला तेव्हा सगळे जण पुढे वाकले, मीही वाकले. गावच्या जत्रेत उघड्यावर नाटकं पाहिली आहेत, तीच ऊब होती. शाल मात्र न्यावी, समुद्राचा वारा बोचतो.

*

ऑगस्टमधली ‘कलांची रात्र’ चुकवू नका. 1989 पासून चालत आली आहे. त्या गुरुवारी उद्यानं, चौक, ग्रंथालयं, संग्रहालयं सगळीकडे कार्यक्रम, बहुतेक फुकट. मी ठरवून काही बघत नाही, शहराच्या मध्यातल्या एस्प्लानादी उद्यानापासून चालू लागते आणि आवाज येईल तिकडे वळते. एका वर्षी एका अंगणात गायकवृंद लागला. गाणारे सगळे साठीपुढचे, ऐकणारे जिन्यावर, सायकलींवर. मी तासभर हलले नाही. एरवी ट्रामच्या थांब्यावर हातभर अंतर ठेवून उभं राहणारं हे शहर त्या रात्री खांद्याला खांदा लावून बसतं.

आणि सोलापूरच्या काकू, तोवर राहणार असाल तर माझ्याबरोबर चला. ऑगस्टच्या मध्यावर सव्वानऊच्या सुमारास सूर्य मावळतो. निरांजन वेळेवर लावून मग निघू.