वापरलेली कॅरव्हॅन घ्यायचीय: गाडीला झेपेल का, आणि हिवाळ्यात ठेवायची कशी? (यूके)

लेस्टरकर:
नमस्कार मंडळी. चार बर्थची, एका ॲक्सलची कॅरव्हॅन बघून ठेवली आहे. पाटीवर एमटीपीएलएम, म्हणजे भरून कमाल वजन, १,४८० किलो आहे आणि मिरो, म्हणजे कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन, १,३२५ किलो. आमच्या डिझेल गाडीचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) १,६५० आणि टोबॉलवरची (कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावरची) मर्यादा ८० किलो. लायसन्स इथलंच, २००९ चं. ड्राइव्हला चढ आहे म्हणून मूव्हर (कॅरव्हॅन जागेवर हलवणारी मोटर) बसवावा लागेल. नोव्हेंबर ते मार्च ती उभीच राहील. विकणारा ‘सगळं चालतं’ एवढंच सांगतोय. पैसे देण्याआधी काय काय बघू?

वजनकाटा:
लायसन्सची काळजी नको. १६ डिसेंबर २०२१ पासून १९९७ नंतर पास झालेल्यांनाही वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

वजनाकडे मात्र नीट लक्ष द्या. १,४८० म्हणजे तुमच्या गाडीच्या जवळपास ९० टक्के. नवख्या माणसाने ८५ टक्क्यांच्या आत राहावं असं इथे सांगतात, म्हणजे साधारण १,४०० किलो. हा सल्ला झाला. कायद्याची मर्यादा गाडीच्या व्हीआयएन (चासी नंबरच्या) पाटीवर असते: दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा, गाडी पूर्ण भरलेली असताना मागे तेवढंच चालतं.

खरी अडचण पेलोडची, म्हणजे भरता येणाऱ्या सामानाच्या वजनाची आहे. १,४८० वजा १,३२५, उरले १५५ किलो. त्यातून मूव्हरचे ३० ते ३५ गेले, ऑनिंग (बाजूला लावायचा तंबू) पोलसकट २० ते २५, आणि मिरोत बॅटरी धरलेली नसेल तर आणखी २० ते २५. हाती राहतात ७०-८० किलो. चौघांची अंथरुणं, कपडे, भांडी, खुर्च्या एवढ्यात बसवायच्या. कुकर, तांदूळ आणि पिठाचे डबे गाडीच्या डिकीत टाका (अर्थात गाडीचीही मर्यादा सांभाळून), पाण्याचा पिंप रिकामाच न्या. ४० लिटर म्हणजे ४० किलो. पहिल्या प्रवासाआधी भरलेली कॅरव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर घालाच.

आता नोजवेट. भरलेल्या कॅरव्हॅनच्या ५ ते ७ टक्के भार हिचवर (गाडीला जोडायच्या टोकावर) हवा: १,४८० ला ७४ ते १०३ किलो. गाडी, टोबार आणि कॅरव्हॅनचा हिच, तिघांत ज्याची मर्यादा कमी ती खरी. म्हणजे तुम्हाला ७४ ते ८० एवढीच फट मिळते. मोजायला बाथरूमचा काटा पुरतो. सपाट जागा, चाकांना अडणी, कोपऱ्यांचे पाय वर. काट्यावर फळी, फळीवर हिचखाली उभा लाकडी दांडका. दांडका एवढ्याच उंचीचा कापा की कॅरव्हॅन आडवी, समतल राहील. मग जॉकी व्हील (पुढचं छोटं चाक) उचला आणि आकडा वाचा.

जड सामान खाली, ॲक्सलच्या वर. मागच्या लॉकरमध्ये जड सामान टाकलं की नोज हलकं होतं, आणि उतारावर किंवा शेजारून लॉरी गेली की मागचं धूड डावी-उजवीकडे झुलायला लागतं. तसं झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. वेगमर्यादा मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या एकेरी रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन वर्ज्य.

हिचवर स्टॅबिलायझर (झुलणं रोखणारी जोडणी) असेल तर टोबॉलला ग्रीस लावू नका. त्याचं काम फ्रिक्शन पॅडवर चालतं. ग्रीस लागली की पॅड बाद.

ओलशोध्या:
घेण्याआधी ओल तपासा, बाकी सगळं दुरुस्त होतं. डॅम्प मीटर खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, पुढच्या लॉकरच्या आत आणि ऑनिंग रेलच्या कडेने लावा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवा, २० च्या वर गेलं तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय किंमत बोलू नका. दारापाशी आणि ओट्यासमोर उभं राहून टाच दाबा. जमीन लचकली किंवा करकरली तर थर सुटलेत. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर ‘२३१८’ असेल तर तो २०१८ च्या २३व्या आठवड्यातला. पाच वर्षांनी बदलावा, सातच्या पुढे नाहीच. काचेवर कोरलेला क्रिस नंबर (कॅरव्हॅनच्या नोंदणीचा) चासीशी जुळवा.

हिवाळ्याआधी पाणी पूर्ण काढा. हीटर गार होऊ द्या, ड्रेन व्हॉल्व्ह उघडा, पंप बंद करा, सगळे नळ उघडे ठेवा. मिक्सर नळाचा दांडा मधोमध, नाहीतर गरम किंवा गार एका बाजूला पाणी अडतं, गोठून फुगतं आणि नळाच्या आतलं प्लॅस्टिक तडकतं, कळतं एप्रिलमध्ये. शॉवरचा हँडल खाली ट्रेमध्ये सोडा. व्हॉल्व्ह वसंतापर्यंत उघडाच. टॉयलेटची कॅसेट धुऊन तिची पट्टी किंचित उघडी ठेवा, म्हणजे सील चिकटत नाही. फ्रिजचं दार फटीवर, गाद्या भिंतीपासून लांब उभ्या. जमिनीतली भोकं वारा येतो म्हणून बुजवू नका, गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तिथूनच बाहेर पडतो. बॅटरी पूर्ण भरलेली १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ ला आली की चार्ज करा. थंडीत जायचं असेल तर लाल सिलिंडर, प्रोपेन. निळ्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो.

लेस्टरकर:
मनापासून आभार. उभी असताना हँडब्रेक सोडून ठेवावा असं वाचलं. पण आमचा ड्राइव्ह उताराचा आहे, तिथे काय करायचं?

वजनकाटा:
सपाट जागेवर सोडायचा, कारण ओढून महिनोन् महिने ठेवला तर ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात. उतारावर नुसत्या अडण्यांच्या भरवशावर दीड टन उभं करू नका, ब्रेक ओढलेलाच ठेवा. शू चिकटण्याचा धोका मग राहतोच, म्हणून पाच महिन्यांसाठी सपाट स्टोरेज घेतलेलं बरं. कॅसोआ या कॅरव्हॅन-स्टोरेजवाल्यांच्या संघटनेच्या यादीतल्या जागांना सुरक्षेप्रमाणे गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जा असतो. आणि घर नव्या वसाहतीत असेल तर कागदपत्रं आधी वाचा: ड्राइव्हवर कॅरव्हॅन ठेवायला मनाई करणारी अट बऱ्याच ठिकाणी असते. तशी अट निघाली तर मूव्हरही लागणार नाही, आणि पेलोडमध्ये तीसेक किलो परत मिळतील.