नोकरीत असताना दारू सोडायची आहे. आरएमओंना (युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना) सांगावे का?

प्रश्न (हवालदार, करवीर तालुका):
मी पायदळात हवालदार असून सध्या सुट्टीवर गावी आलो आहे. सुरुवातीला बडाखाना (पलटणीचे सामुदायिक जेवण) किंवा सणावारापुरती असलेली दारू उंचावरच्या थंड चौकीवर गेल्यापासून रोजची झाली आणि आता सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही. कामात अद्याप कसूर झालेली नाही, परंतु ती होण्याआधीच मला थांबायचे आहे. आरएमओंना सांगितले तर मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) खाली येईल आणि नायब सुभेदारपदाची संधी जाईल, अशी भीती वाटते. प्रमाण कमी केले तर चालेल का, की पूर्ण सोडावी? सुट्टी संपेपर्यंत घरीच एकदम बंद करण्याचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ, कोल्हापूर):
सर्वप्रथम, घरी एकट्याने एकदम बंद करू नका. सकाळी हात थरथरणे आणि घोट घेताच ते थांबणे, याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा अवस्थेत दारू अचानक तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास, ताप व प्रचंड अस्वस्थता उद्भवू शकते. हे जिवावर बेतते. जवानांच्या बाबतीत मला विशेष काळजी वाटते ती परतीच्या लांब रेल्वेप्रवासाची, कारण नेमका हाच काळ डब्यात जातो आणि जवळ डॉक्टर नसतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व दिले, तर हा टप्पा बहुतेकांचा सुखरूप पार पडतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. उद्याच जाऊन दाखवा आणि किती पिता ते खरे सांगा. ४२.८ टक्क्यांच्या रमच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. त्यामुळे नुसते 'दोन-तीन पेग' म्हटल्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही, पेग केवढा ते सांगावे लागते.

प्रमाण कमी करण्याचा मार्ग ज्यांना अशी सवय जडलेली नाही, त्यांच्यासाठी ठीक असतो. तुमच्या बाबतीत मी पूर्ण सोडण्याचाच सल्ला देईन. रमने थंडीत ऊब मिळते हाही भ्रम आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने अंग गरम वाटते, प्रत्यक्षात आतील उष्णता बाहेर जात असते.

उत्तर (निवृत्त सुभेदार, गडहिंग्लज):
हवालदार साहेब, कॅटेगरीविषयी स्पष्ट लिहितो. 'शेप' या लष्करी वैद्यकीय श्रेणीपद्धतीतील 'एस' म्हणजे मानसिक आरोग्य, आणि उपचार सुरू झाल्यावर ती श्रेणी काही काळ खाली येऊ शकते, त्या काळात बढतीही अडू शकते; हे तुमच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. मात्र तात्पुरत्या श्रेणीची ठरावीक काळाने फेरतपासणी होते, त्या वेळी कमांडिंग ऑफिसरचा अहवालही विचारात घेतला जातो आणि नीट राहिलेला जवान पुन्हा वरच्या श्रेणीत येऊ शकतो. याउलट, सेना अधिनियम १९५० च्या कलम ४८ नुसार नशेत सापडणे हा ड्युटीवर नसतानाही गुन्हा आहे. स्वतःहून आरएमओंकडे गेलेल्या माणसाकडे रुग्ण म्हणून पाहिले जाते, तर पहाऱ्यावर सापडलेल्याकडे आरोपी म्हणून, आणि नंतर त्याच्या शिक्षेच्या लाल शाईच्या नोंदीसमोर चांगली सेवाही फिकी पडते. माझ्या हाताखालच्या ज्या मुलांनी वेळेत सांगितले, त्यांच्या पाठीशी उभे राहणे कोणत्याही कमांडरला सोपे गेले.

आणखी एक गोष्ट. लष्करी कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूचा कोटा ही कमाल मर्यादा असते, तो दर महिन्याला उचलण्याचे बंधन नाही.

उत्तर (जवानाची पत्नी, कागल):
दादा, यजमानांनी सोडली तेव्हा सर्वांत कठीण गेले ते गावकऱ्यांना तोंड देणे. आपल्या भागात फौजी सुट्टीवर आला की पाहुणे आणि मित्र 'कॅन्टीनची बाटली' हक्काने मागतात, मटणाच्या जेवणासोबत ती हवीच असे गृहीत धरतात. आम्ही बाटली आणणेच थांबवले आणि मागणाऱ्यांना उत्तर द्यायचे काम मी अंगावर घेतले. काहीजण रुसले, पण त्यांचा रुसवा आम्हाला परवडला. वहिनींना विश्वासात घ्या. त्यांना बहुधा सगळे आधीच ठाऊक असेल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीपीआरमध्ये उद्या जातो. तेथील कागद आरएमओंना दाखवावेत का?

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ, कोल्हापूर):
अवश्य दाखवावेत, आणि औषधांची चिठ्ठीही सोबत ठेवावी. डायसल्फिराम (दारू घेतल्यास त्रास होईल असे औषध) दिले गेले, तर अल्कोहोलयुक्त खोकल्याचे औषधदेखील त्रास देऊ शकते, म्हणून युनिटमधील डॉक्टरांना ते माहीत असणे आवश्यक आहे. मधल्या काळात कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सशस्त्र दलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला आहे. त्रास वाढून सुट्टीत भरती व्हावे लागले, तर युनिटला त्याच दिवशी कळवा, म्हणजे गैरहजेरीचा प्रश्न उद्भवणार नाही.