होलोकॉस्टमधले ‘बळी’ म्हणावं का?

प्रश्न : २७ जानेवारीला शाळेत होलोकॉस्टविषयी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीविषयी बोलायचं आहे. १९४५ साली त्या दिवशी सोव्हिएत फौजांनी नाझींची आउशवित्झची छळछावणी मुक्त केली. फलकावर ‘होलोकॉस्टमधील बळींना आदरांजली’ असं लिहून आलंय. ‘बळी’ मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाही.

उत्तर : खटकतंय ते योग्यच आहे, ताई. बळी देवाला देतात, कोंबड्याचा, बोकडाचा. ‘अपघाताचे बळी’ म्हणताना तो अर्थ झिजून गेलेला असतो. इथे मात्र तो पुन्हा जागा होतो, कारण खुद्द ‘होलोकॉस्ट’चं ग्रीक मूळही तेच आहे : अख्खा जाळून देवाला वाहिलेला पशू. साठ लाख ज्यू कुठल्या देवाला वाहिले होते? म्हणून कितीतरी ज्यू ‘शोआ’ म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ घोर आपत्ती. पण आपत्ती म्हटलं की मारणारा दिसेनासा होतो, हेही आहेच.

गुंटर डेमनिग यांनी जर्मनीत सुरू केलेले पितळी दगड आठवा. दहा सेंटिमीटरचा चौकोन, नाझींनी छळलेल्या एकेका माणसाच्या आठवणीसाठी, त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, फुटपाथमध्ये बसवलेला. वर ‘इथे राहत होती’, खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं. आणि शेवटी बहुतेकांवर एकच शब्द, ‘एरमोर्डेट’. म्हणजे खून केला. वाचायला वाकावं लागतं. मी तरी ‘मारलेले’ असंच लिहीन.

दुसरं उत्तर : ‘नरसंहार’ही नको, ‘वंशसंहार’ लिहा. कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली ‘जेनोसाइड’ हा इंग्रजी शब्द घडवला तो ग्रीक ‘गेनोस’वरून, म्हणजे वंश, कूळ. एखादा समाज समाज म्हणून नाहीसा करायचा, हा हेतू ‘नर’मध्ये येत नाही.

आणि ‘अँटिसेमिटिझम’चं ‘सेमिटिकविरोध’ असलं भाषांतर तर मुळीच नको. अरबीसुद्धा सेमिटिक भाषा आहे. सरळ ‘ज्यूद्वेष’ म्हणा, मुलांना लगेच कळेल. जमलं तर कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंबद्दलही सांगा. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं पेणकर, रोहेकर. ज्यू म्हणजे कुणी दूरचे लोक, असं मग मुलांना वाटणार नाही.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. फलक बदलून घेतला : ‘नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या आणि त्यांच्यासोबत मारलेल्या रोमा लोकांच्या स्मरणार्थ’. (रोमा म्हणजे ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत ते लोक.) एका ओळीत मावलं नाही, तीन ओळी झाल्या.